मोटारीला थांबायला शिकवणाऱ्या बर्था बेन्झ

मोटार कशी धावू लागली, याचा इतिहास अनेकांना ठाऊक असतो. ती थांबायला कशी शिकली, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. गॅरेजमधील मेकॅनिक चाक उघडतो, ब्रेकचे लायनर संपल्याचे सांगतो, नवे बसवून देतो आणि गाडी पुन्हा रस्त्यावर येते. या नित्याच्या दुरुस्तीचे मूळ शोधत गेले, तर ते १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील एका खेड्यातल्या मोच्याच्या दुकानापाशी सापडते. त्या मोच्याकडे मोटारीचे काम घेऊन आलेल्या महिलेचे नाव होते बर्था बेन्झ.

बर्था रिंगर यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी बाडेन राज्यातील फोर्त्सहाइम या शहरात झाला. वडील बांधकाम व्यवसायात होते आणि घरची स्थिती उत्तम होती. मात्र, या बाळाच्या जन्माची नोंद करताना वडिलांनी कुटुंबाच्या बायबलमध्ये पुन्हा मुलगीच झाल्याची खंत लिहून ठेवली होती, असे सांगितले जाते. ती नोंद पुढे बालवयातच बर्था यांच्या वाचनात आली आणि मनाला लागून राहिली. यंत्रांविषयी त्यांना लहानपणापासून कुतूहल होते. परंतु त्या काळी मुलींचे शिक्षण गृहिणी होण्यापुरतेच मर्यादित होते. बाडेनमधील विद्यापीठांनी स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला तो १९०० मध्ये, म्हणजे बर्था यांनी पन्नाशी ओलांडल्यानंतर.

हुंडा कारखान्यात

१८६९ मध्ये एका सहलीत त्यांची कार्ल बेन्झ या तरुण अभियंत्याशी ओळख झाली. कार्ल यांच्याजवळ बुद्धी होती, पण पैसा नव्हता. घोड्यावाचून चालणाऱ्या गाडीच्या कल्पनेने त्यांना झपाटले होते. मॅनहाइम येथे त्यांनी भागीदारीत काढलेला कारखाना भागीदारामुळे अडचणीत आला. तेव्हा बर्था यांनी विवाहापूर्वीच आपल्या हुंड्याची रक्कम वडिलांकडून मागून घेतली आणि त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा विकत घेण्यात आला. २० जुलै १८७२ रोजी दोघे विवाहबद्ध झाले.

पुढची काही वर्षे ओढगस्तीची होती. मुलांची संख्या वाढत होती, कारखान्यातून पुरेसे उत्पन्न नव्हते. तरीही प्रयोग थांबले नाहीत. १८७९ सालच्या अखेरच्या रात्री कार्ल यांचे दोन आघातांचे इंजिन पहिल्यांदा व्यवस्थित चालले, त्या वेळी बर्था त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. २९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल यांनी तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. हे पेटंट पुढे मोटारयुगाचा जन्मदाखला म्हणून ओळखले गेले. त्यावर नाव एकट्या कार्ल यांचेच होते.

मोटार तयार झाली, पण ग्राहक मिळेना. घोड्यावाचून चालणारे हे यंत्र लोक कौतुकाने, तर कधी भीतीनेही पाहत. त्यात बसून दूरचा प्रवास करता येईल, यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. कार्ल सतत सुधारणा करण्यात गुंतलेले असत. तोवर मोटारीच्या फेऱ्या कारखान्याच्या आसपासच होत होत्या. एखाद्या यंत्राचे गुणदोष कारखान्याच्या अंगणात नव्हे, तर रस्त्यावरच कळतात, हे ओळखून पाऊल उचलले ते बर्था यांनी.

पहाटेचा प्रवास

ऑगस्ट १८८८ मधील एका पहाटे पतीला न कळवता त्या घराबाहेर पडल्या. सोबत १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिशार्ड ही दोन मुले होती. माहेरी, फोर्त्सहाइमला आईकडे जायचे होते आणि वाट सुमारे १०० किलोमीटरची होती. रस्ते घोडागाड्यांसाठी केलेले होते. वाटेत पेट्रोल पंप नव्हते, गॅरेज नव्हते आणि बिघाड झाल्यास मोटारीचे काम जाणणारा माणूस भेटण्याची शक्यताही नव्हती.

बिघाड होत गेले आणि वाटेतच दुरुस्त होत गेले. इंधन संपत आले, तेव्हा वीसलोख येथील औषधांच्या दुकानातून लिग्रॉइन विकत घेण्यात आले. कपड्यांवरील डाग काढण्यासाठी वापरला जाणारा हा खनिज तेलाचा प्रकार हेच त्या मोटारीचे इंधन होते. जगातील पहिला पेट्रोल पंप म्हणून त्या दुकानाचा आज अभिमानाने उल्लेख होतो. इंधनाची नळी तुंबली, ती बर्था यांनी टोपीला लावायच्या लांब पिनेने साफ केली. ठिणगीच्या तारेवरील आवरण निकामी झाले, तेव्हा मोजे बांधायचा पट्टा कामी आला. साखळी लोहाराकडून दुरुस्त करून घेण्यात आली. इंजिन थंड राखणारे पाणी वाफ होऊन उडून जाई. मिळेल तेथून ते भरावे लागे. चढावर इंजिनाची ताकद अपुरी पडे, तेथे मुलांनी खाली उतरून गाडी ढकलली.

उताराची कसोटी

हे सारे बिघाड गाडी थांबवणारे होते. गाडी बंद पडली, तर फार तर खोळंबा होतो. पण जाण्यायेण्याच्या या प्रवासात आणखी एक दोष उघड झाला. तो गाडी थांबू न देणारा होता, आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचा होता. मोटारीचे ब्रेक लाकडी ठोकळ्यांचे होते. हाताने तरफ ओढली की ठोकळा दाबला जाई आणि घर्षणाने वेग कमी होई.

ही रचना घोडागाडीकडून आलेली होती. घोडागाडी उताराला लागली की घोडाही अंग मागे रेटून भार सावरतो. मोटारीपुढे घोडा नव्हता. उतारावरील सारा भार त्या ठोकळ्यांवरच येत होता. सततच्या घर्षणाने लाकूड तापते, झिजते आणि गुळगुळीत होते. मग तरफ कितीही ओढली, तरी पकड येत नाही. घाट उतरताना ब्रेकचे पेडल खोल जाऊ लागले की चालकाच्या मनात जी धास्ती दाटते, तिचाच हा आद्य अनुभव होता. आणि त्या वेळी गाडीत दोन मुले बसलेली होती.

दोष तरफेत नसून घासणाऱ्या पृष्ठभागात आहे, हे बर्था यांच्या ध्यानात आल्याचे त्यांनी केलेल्या उपायावरून दिसते. बाउश्लॉट या गावी त्यांनी मोच्याला गाठले आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. चामड्याची पकड झिजलेल्या लाकडापेक्षा चांगली असते. शिवाय झीज चामडे सोसते, ठोकळा वाचतो आणि चामडे संपले की तेवढेच बदलता येते. झिजणारा भाग वेगळा ठेवावा आणि तो सहज बदलता यावा, हेच लायनरमागील सूत्र आहे. मोटारीच्या ब्रेकला बसवलेले हे पहिले अस्तर मानले जाते.

सायंकाळी फोर्त्सहाइमला पोहोचल्यावर बर्था यांनी पतीला तार पाठवली. काही दिवसांनी त्या मोटारीनेच, दुसऱ्या वाटेने मॅनहाइमला परतल्या. या प्रवासातील अनुभवांचा कार्ल यांनी सुधारणांसाठी उपयोग करून घेतला. चढासाठी आणखी एक गिअर देण्यात आला, ब्रेकवरील चामड्याचे अस्तरही स्वीकारले गेले. त्याच वर्षी म्युनिचच्या प्रदर्शनात मोटारीला सुवर्णपदक मिळाले. पुढे व्यवसाय इतका वाढला की १८९९ मध्ये बेन्झ कंपनीने ५७२ वाहने तयार केली. उत्पादनात ती तेव्हा जगात अग्रेसर होती.

चामड्याचे अस्तर अर्थातच अखेरचे उत्तर नव्हते. तेही तापले की करपते आणि भिजले की घसरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी अधिक टिकाऊ अस्तरांचे प्रयोग केले. पुढे अॅस्बेस्टॉस आले. त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असल्याचे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. साहित्य बदलत गेले, ड्रमच्या जोडीला डिस्क आली, पण बाउश्लॉटचे सूत्र कायम राहिले.

कार्ल यांचे ४ एप्रिल १९२९ रोजी लाडेनबुर्ग येथे निधन झाले. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी पत्नीच्या साथीचा कृतज्ञतेने उल्लेख केला होता. संकटाच्या काळात आपल्याजवळ ठाम उभी राहिलेली एकमेव व्यक्ती म्हणजे बर्था, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली. ३ मे १९४४ रोजी, पंच्याण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल जेथे शिकले त्या कार्ल्सरुहच्या तंत्रविद्यापीठाने बर्था यांना मानद सिनेटर हा सन्मान दिला. त्यानंतर दोनच दिवसांनी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यांनी केलेल्या प्रवासाचा मार्ग २००८ पासून स्मृतिमार्ग म्हणून अधिकृतपणे ओळखला जातो. २०१६ मध्ये अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्येही त्यांना स्थान मिळाले. कार्ल यांना ते १९८४ मध्येच मिळाले होते. वडिलांनी ज्या जन्माबद्दल खंत नोंदवली, त्या मुलीने आपला हुंडा मोटारीच्या कामी लावला आणि जिवाची जोखीम पत्करून तिचे दोषही शोधून काढले. ब्रेकवर पाय ठेवताच गाडी निमूटपणे थांबते, तेव्हा त्यामागे या मुलीने मोच्याकडून ठोकून घेतलेले ते चामड्याचे तुकडेही असतात.