घराचे संग्रहालय करणारे काकासाहेब केळकर

पुण्यातील 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' हे नाव प्रथमच ऐकणाऱ्यास वाटते, की ते एखाद्या संस्थानिकाने उभारले असावे. प्रत्यक्षात दिनकर केळकर हे राजे नव्हते. घरच्या चष्म्याच्या दुकानात काम करणारे ते एक सामान्य गृहस्थ होते. 'राजा' हे त्यांच्या मुलाचे नाव. हा मुलगा बालपणीच वारला.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. लोक त्यांना आदराने काकासाहेब म्हणत. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने ते कविता लिहीत. इतिहासाची त्यांना विलक्षण ओढ होती. त्या ओढीतूनच १९२० च्या सुमारास ते जुन्या सरदार घराण्यांतील वस्तू जमवू लागले. पुढे या शोधासाठी ते भारतभर फिरले. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कामी मोलाची साथ लाभली.

काकासाहेबांनी जमवलेल्या वस्तू बहुतांशी नित्याच्या वापरातील होत्या. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, दौती, कुलपे, फण्या, वाद्ये, कोरीव दरवाजे आणि पाय घासण्याच्या वज्रीसुद्धा त्यांनी गोळा केल्या. अशी वस्तू जुनी झाली, की ती अडगळीत पडते किंवा मोडीत जाते. काकासाहेबांना मात्र तिच्यात कारागिराचा हात दिसे. सुपारी कातरण्याचे काम साध्या अडकित्त्यानेही होते. तरीही कोणा कारागिराने त्याला सुंदर आकार दिला. पाय घासण्याच्या वज्रीवरही कोणी पक्षी बसवला. या कलावंतांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. त्यांची कला जपणे हेच काकासाहेबांच्या आयुष्याचे कार्य झाले.

हा सारा संग्रह त्यांच्या राहत्या घरातच वाढत गेला. १९६२ मध्ये त्याला संग्रहालयाचे रूप आले आणि काकासाहेबांनी त्याला आपल्या दिवंगत मुलाचे नाव दिले. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणवले. तो महाल संग्रहालयात पुन्हा उभारण्यात आला.

आयुष्यभर कष्टाने जमवलेले हे धन त्यांनी स्वतःकडे ठेवले नाही. १९७५ मध्ये त्यांनी संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. जागेअभावी त्यांतील थोड्याच मांडता येतात.

१७ एप्रिल १९९० रोजी काकासाहेबांचे निधन झाले. कलेचा वारसा जपण्यासाठी राजवैभव लागत नाही, हे त्यांनी आपल्या घरातूनच दाखवून दिले. त्यांचे संग्रहालय पाहून आलेला माणूस आपल्या घरातील जुना दिवा किंवा अडकित्ता मोडीत देण्यापूर्वी एकदा तरी हातात घेऊन निरखून पाहील.