जमीन विकली नाही, ७५ वर्षांच्या लीजवर दिली! बर्मिंगहॅमच्या महापौराचा हिशोब

चेंबरलेन म्हटलं की आपल्याला आठवतो तो हिटलरशी म्युनिक करार करणारा ब्रिटिश पंतप्रधान, नेव्हिल चेंबरलेन. पण बर्मिंगहॅम शहरात त्याच्यापेक्षा त्याच्या वडिलांचं नाव मोठं आहे. ते म्हणजे जोसेफ चेंबरलेन.

जोसेफ यांचा जन्म १८३६ साली लंडनमध्ये झाला. घरचा धंदा चपला-बुटांचा. १८५४ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, ते नात्यातल्या नेटलफोल्ड यांच्या स्क्रू बनवणाऱ्या कंपनीत काम करायला बर्मिंगहॅमला आले. धंद्यात एवढा पैसा कमावला की चाळिशीच्या आतच त्यांनी त्यातून अंग काढून घेतलं आणि पूर्णवेळ राजकारणात उतरले.

१८७३ मध्ये ते बर्मिंगहॅमचे महापौर झाले. तेव्हा शहराचा गॅस आणि पाणी खासगी कंपन्यांच्या हातात होतं. चेंबरलेन यांनी दोन्ही महापालिकेकडे घेतलं. गॅसच्या धंद्यातून महापालिकेला नफा मिळू लागला. पाण्यावर मात्र नफा कमवायचा नाही, असं त्यांचं धोरण होतं.

यानंतर आला सगळ्यात मोठा डाव.

१८७५ मध्ये ब्रिटनमध्ये नवा कायदा झाला. गलिच्छ वस्त्या ताब्यात घेऊन पाडण्याचा अधिकार महापालिकांना मिळाला. चेंबरलेन यांनी शहराच्या मध्यावरची दाट वस्ती निवडली. ती पाडून तिथून रुंद बाजारपेठेचा रस्ता काढायचा ठरलं. १८७८ मध्ये काम सुरू झालं. हाच कॉर्पोरेशन स्ट्रीट.

आता प्रश्न होता रस्त्याकडेच्या भूखंडांचा. महापालिकेवर कर्ज होतं. भूखंड विकले असते, तर हातात लगेच रोकड आली असती. पण महापालिकेने ते ७५ वर्षांच्या लीजवर दिले.

हे गणित नेमकं काय होतं?

जमीन महापालिकेच्याच नावावर राहणार. भाडेकरू स्वतःच्या पैशाने इमारत बांधणार आणि दरवर्षी जमिनीचं भाडं भरणार. मुदत संपली की जमीन आणि तिच्यावरची इमारत, दोन्ही महापालिकेकडे परत येणार. शिवाय कुठे काय बांधायचं, यावरही करारामुळे पालिकेचा वचक राहणार.

ब्रिटनमध्ये अशा जमिनींसाठी ९९ वर्षांची मुदत सर्रास असायची. त्यामुळे ७५ वर्षं व्यापाऱ्यांना कमी वाटत होती. त्यात मंदी आली आणि भूखंड उचलले जायचा वेग मंदावला. तरीही महापालिकेने मालकी सोडली नाही. हळूहळू दुकानं आली, ऑफिसं आली. १८९१ मध्ये याच रस्त्यावर व्हिक्टोरिया लॉ कोर्ट्सची इमारत सुरू झाली.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. वस्ती पाडली ती गरिबांना चांगली घरं मिळावीत, या कायद्याच्या नावाखाली. प्रत्यक्षात तिथे दुकानं उभी राहिली आणि घरं गेलेली माणसं आजूबाजूच्या गर्दीत ढकलली गेली. लीजमुळे जमिनीची वाढलेली किंमत शहराकडे राहिली, पण त्याचा पहिला फटका गरिबांनीच सोसला.

चेंबरलेन १८७६ मध्येच खासदार झाले होते. पुढे १८९५ ते १९०३ ते वसाहतमंत्री होते. १९०६ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि २ जुलै १९१४ रोजी त्यांचं निधन झालं. पहिल्या लीजची मुदत संपायला तेव्हा जवळपास ४० वर्षं बाकी होती. १९५० च्या दशकात एकेक लीज संपत गेलं आणि शहराच्या ऐन मध्यावरची मोक्याची मालमत्ता महापालिकेकडे परत आली.

मुंबईत काय झालं?

प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पद्धत तशीच. वस्त्या पाडा, रस्ते काढा, भूखंड लीजवर द्या. १९३३ मध्ये ट्रस्टचा कारभार महापालिकेकडे आला. पण इथले काही भूखंड ९९ वर्षांसाठी दिले होते, तर काही थेट ९९९ वर्षांसाठी.

७५ वर्षांनी जमीन नातवंडांच्या काळात तरी परत येते. ९९९ वर्षांच्या लीजवर मालकी राहते ती फक्त कागदावर. त्यामुळे आपली महापालिका एखादी जागा लीजवर देते तेव्हा भाडं किती हे तर बघाच, पण मुदत किती वर्षांची आहे, हे आधी बघा.