रुपयाला एक पैसा : अण्णासाहेब कर्वे

स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचं चरित्र लिहून द्या, असं आपल्या संपादक मंडळानं फर्मावलं. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे माणसाकडे बघताना आधी त्याचा हिशेब बघायची खोड लागलेली. त्या दृष्टीनं मला धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले महर्षी अण्णासाहेब कर्वे, फार मोठे वाटतात.

जन्म १८ एप्रिल १८५८ चा, कोकणातल्या शेरवलीचा. घर मुरुडचं, परिस्थिती बेताचीच. त्या काळी सहावीच्या सरकारी परीक्षेला वयाची अट होती, सतरा वर्षं पूर्ण हवीत. परीक्षेचं ठिकाण सातारा. मुरुडहून सातारा म्हणजे सह्याद्री ओलांडून शंभर मैलांवर! हा मुलगा सोबत्यांबरोबर पावसापाण्यातून चालत पोचला आणि परीक्षा मंडळानं त्याला, सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत पाठवलं. अंगकाठी किरकोळ, एवढाच गुन्हा. पुढल्या खेपेला कोल्हापूरला जाऊन परीक्षा दिली आणि पास झाले. हल्ली परीक्षा केंद्र दोन स्टेशनं लांब आलं तरी आपल्या बिल्डिंगमध्ये किती चर्चा होते ते आठवा.

मग मुंबई. शिकवण्या करत शिकायचं, असा क्रम. १८८४ साली गणित घेऊन एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. पुढे मुंबईतच शाळांमधून आणि खाजगी शिकवण्या करून संसार चालू झाला. याच काळातली एक गोष्ट मला सर्वांत आवडते. कमवायला लागल्यावर त्यांनी आणि गावच्या मित्रमंडळींनी मिळून मुरुड फंड काढला. प्रत्येकानं आपल्या मिळकतीतून रुपयामागे एक पैसा गावाच्या कामासाठी बाजूला काढायचा. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे, म्हणजे दीड टक्क्याच्या जरासं वर. कोणाला जड जाऊ नये आणि कोणाला सुटूही नये, असा हिशेब गणिताच्या मास्तरालाच सुचणार! आपल्याकडे मेंटेनन्स वाढवायचा ठराव आला की काय होतं, ते मी सांगायला नको.

१८९१ मध्ये पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, हा त्यांचा निश्चय. मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झालेली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ ला लग्न झालं. याच त्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया. मुरुडकरांनी बहिष्कार घातला. ज्या गावासाठी फंड काढला, त्याच गावात आईच्या घरी उतरायची चोरी झाली. अण्णासाहेब कोणाशी भांडल्याचं दिसत नाही. ते खाली मान घालून काम करत राहिले.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला. रावबहादूर गोखल्यांनी पुण्याबाहेर हिंगण्याला जमीन दिली, तिथे १९०० मध्ये झोपडीत संस्था हलली. रस्ता कसला, नुसता चिखल. कॉलेज सुटलं की अण्णासाहेब चालत हिंगण्याला, मुलींना शिकवायचं, आणि सकाळी परत चालत पुण्याला. बायांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवाच, त्यांनी आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली.

आता खरी अवघड गोष्ट. अण्णासाहेबांची ५,००० रुपयांची विम्याची पॉलिसी होती. ती त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. घरी लहान मुलं, पगार बेताचा. बाया चिडल्या, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्यांचं चुकलं नाही. नोकरीत असताना विम्याचे कागद घेऊन येणाऱ्या कितीतरी बायका मी काउंटरपलीकडून पाहिल्या आहेत. त्या कागदाची किंमत काय असते ते मला ठाऊक आहे. चरित्रं लिहिणारे त्यागाचं कौतुक करतात, पण त्या त्यागाचा अर्धा हप्ता बायांनी भरला. ओढगस्तीचा तो संसार त्यांनीच रेटला. मुलं मात्र आपापल्या वाटेनं मोठी झाली. रघुनाथरावांनी संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी गमावली. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, इरावतीबाई त्यांच्या पत्नी. भास्करराव हिंगण्याच्या कामात राहिले.

१९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघालं. जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून डोक्यात आलेली कल्पना. शिक्षण मातृभाषेतून, आणि पदवीला सरकारी मान्यता नाही! ती स्वातंत्र्यानंतर मिळाली. सुरुवातीला मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नोकरीच्या बाजारात जिचं काय होईल सांगता येत नाही, अशी पदवी घ्यायला मुलीला पाठवणाऱ्या त्या आईबापांचंही मला नवल वाटतं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी जाहीर केली. विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव मिळालं. तेच आपलं एसएनडीटी. हे ठाकरसी म्हणजे १९११ साली मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक उभी करणाऱ्यांपैकी एक. सहकारी सोसायटीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

सत्तरी ओलांडल्यावर अण्णासाहेब युरोप, अमेरिका, जपान आणि मग आफ्रिका फिरले, विद्यापीठाची माहिती सांगत, पैसे जमवत. आम्ही सत्तरीत गुडघ्यांचं सांगतो. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवं मंडळ काढलं. त्यातही स्वतःच्या पेन्शनीतला वाटा घातला आणि दारोदार फिरून वर्गणी मागितली. कोणी चार आणे दिले तरी चालत.

१९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. त्याच वर्षी टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं, ते हयात असताना. बाया हे पाहायला राहिल्या नव्हत्या, त्या १९५० मध्येच गेल्या होत्या. अण्णासाहेब ९ नोव्हेंबर १९६२ ला गेले, वयाच्या एकशेपाचव्या वर्षी. तिकीट होतं पंधरा नव्या पैशांचं.