मासळीबाजारातून विधानसभेत : आल्फ्रेड स्मिथ

श्रद्धावंत प्रापंचिकाने राजकारणात उतरावे काय, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतून अनेकदा विचारला जातो. अशा वेळी आम्हाला अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत सलग बारा वर्षे बसलेल्या एका कॅथोलिक लोकप्रतिनिधीचे स्मरण होते. त्यांचे नाव आल्फ्रेड स्मिथ.

त्यांचा जन्म ३० डिसेंबर १८७३ रोजी न्यूयॉर्क शहरातील स्थलांतरितांच्या गरीब वस्तीत झाला. सेंट जेम्स धर्मग्रामाच्या शाळेत ते शिकले आणि तेथील चर्चमध्ये वेदीसेवक झाले. वडिलांच्या अकाली निधनामुळे चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. पुढे फुल्टन मासळीबाजारात त्यांनी नोकरी केली. पदवीविषयी कोणी विचारल्यास ते याच बाजाराचे नाव अभिमानाने सांगत.

१९०४ साली ते विधानसभेत दाखल झाले. त्या काळी तेथे दरवर्षी निवडणूक होत असे. टॅमनी हॉल या बदनाम पक्षयंत्रणेने त्यांना उमेदवारी दिली होती आणि प्रारंभी ते तिच्याच इशाऱ्यानुसार मतदान करीत. विधेयकांची भाषा त्यांना उमगत नसे. तथापि निराश न होता ते रात्री जागून विधेयके अक्षरशः वाचून काढू लागले. अशा परिश्रमांतून १९११ मध्ये ते बहुमतवाल्या पक्षाचे नेते व १९१३ मध्ये सभापती झाले.

२५ मार्च १९११ रोजी ट्रँगल या शिवणकामाच्या कारखान्यास आग लागली. दार कुलूपबंद असल्यामुळे अनेकांना बाहेर पडता आले नाही. १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य तरुण स्थलांतरित मुली होत्या. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्षपद रॉबर्ट वॅग्नर यांच्याकडे व उपाध्यक्षपद स्मिथ यांच्याकडे आले. त्यांनी राज्यभर कारखाने प्रत्यक्ष पाहिले. आगीपासून संरक्षण, स्त्रियांच्या कामाच्या तासांवर मर्यादा, आठवड्यातून एक दिवस विश्रांती असे अनेक कायदे त्या काळात संमत झाले.

या विश्रांतीच्या कायद्यातून आपणांस सूट मिळावी, अशी मागणी फळे व भाज्या डबाबंद करणाऱ्या कारखानदारांनी केली. तेव्हा स्मिथ यांनी सभागृहाला दशाज्ञांची आठवण करून दिली. पवित्र दिन पाळण्याची आज्ञा आपण लक्षपूर्वक वाचली आहे, परंतु तीत या कारखान्यांचा अपवाद कोठेच आढळला नाही, असे त्यांनी सांगितले. विधेयकातील शब्द न् शब्द तपासण्याची त्यांची सवय येथे श्रद्धेच्या कामी आली.

पुढे जनतेने त्यांना चार वेळा राज्यपालपदी निवडून दिले. १९२८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. प्रमुख पक्षाकडून हा मान मिळालेले ते पहिलेच कॅथोलिक होत. त्यांच्या धर्माविरुद्ध विषारी प्रचार झाला. देशातील आर्थिक भरभराटही प्रतिस्पर्धी हर्बर्ट हूव्हर यांच्या पथ्यावर पडली आणि स्मिथ मोठ्या फरकाने पराभूत झाले. कॅथोलिक राष्ट्राध्यक्षासाठी अमेरिकेला १९६० मधील जॉन केनेडी यांच्या विजयाची वाट पाहावी लागली. स्मिथ ४ ऑक्टोबर १९४४ रोजी, असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या सणाच्या दिवशी, प्रभुचरणी विलीन झाले.

आम्हाला वाटते, त्यांची थोरवी त्या हुकलेल्या पदात शोधू नये. ज्या कामगारांना रविवार कधी मिळतच नव्हता, त्यांना आठवड्यातून एक दिवस विसावा मिळावा म्हणून त्यांनी कायद्याची बाजू राखली. मिस्साबलिदानानंतर चर्चच्या पायऱ्या उतरणाऱ्या प्रत्येक प्रापंचिकाने, आपल्या दुकानात, शेतात व घरात राबणाऱ्या माणसाला तो विसावा मिळतो काय, हे स्वतःला विचारावे.