निजामाच्या तिकिटावर आपला अजिंठा : सातव्या निजामाची गोष्ट आणि आठ आण्याच्या तिकिटाच्या छटा

जालना : आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांत, पेढ्यांत, वकिलांच्या बस्त्यांत अजूनही निजामकाळातली पाकिटं सापडतात. त्यावरची तिकिटं बहुतेकांना ओळखू येत नाहीत. उर्दू अक्षरं दिसली की कोर्टाचं काहीतरी असेल म्हणून बाजूला टाकतात. पण त्यात एखादं नारिंगी रंगाचं, अजिंठा लेण्याचं चित्र असलेलं आठ आण्याचं तिकीट असेल, तर जरा थांबा. ते तिकीट ज्याच्या सरकारनं काढलं तो सातवा निजाम मीर उस्मान अली खान. मराठवाड्यानं ज्याच्या राजवटीविरुद्ध लढा दिला, तोच हा. त्याचं आयुष्य त्याच्या तिकिटांवरून वाचता येतं, आणि तिकिटांवर काय नाही हेही त्यातून कळतं.

गादीवर येण्याआधीची तिकिटं

मीर उस्मान अली खानचा जन्म एप्रिल १८८६ चा. तोवर हैदराबाद संस्थानचं स्वतःचं टपाल खातं आणि स्वतःची तिकिटं चांगली रुळली होती. पहिलं तिकीट १८६९ चं, एक आण्याचं, हिरवट रंगाचं. त्यानंतर अर्धा आणा आणि दोन आण्यांची तिकिटं आली. त्यांचे ठसे हैदराबादेतच हातानं कोरले गेले, म्हणून एका तावावरची तिकिटं एकसारखी नाहीत. कुठं अक्षर जाड, कुठं रेघ वाकडी. हौशी संग्राहक आजही भिंग लावून त्यातले फरक शोधत बसतात.

पुढं १८७१ पासून जी तिकिटं निघाली ती तीसपेक्षा जास्त वर्षं चालली. एकच नक्षी इतकी वर्षं छापत राहिल्यावर शाई तीच कशी राहणार? तपकिरी कधी लालसर, कधी काळपट. हिरवा कधी गडद, कधी फिका. या तिकिटांवर किंमत चार भाषांत असायची : इंग्रजी, उर्दू, तेलुगू आणि मराठी. म्हणजे निजामाच्या सरकारला मराठी रयत आहे हे पक्कं ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

१९११ : गादी, पूर आणि पाणी

वडील मीर महबूब अली खान २९ ऑगस्ट १९११ ला वारले आणि पंचविशीतला उस्मान अली गादीवर बसला. संस्थान केवढं? क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल, आणि १९४१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या वर. मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकचा काही भाग त्यात होता. आपला जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात मोडायचा. स्वतंत्र जालना जिल्हा झाला तो थेट १ मे १९८१ ला.

तो गादीवर येण्याआधी तीन वर्षं, सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला महापूर आला होता. हैदराबाद शहरात हजारो माणसं वाहून गेली. पूर रोखायचा उपाय सुचवायला विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं. त्यातून उस्मान सागर धरण १९२० मध्ये पुरं झालं आणि नंतर हिमायत सागर. नव्या हायकोर्टाची इमारत, उस्मानिया दवाखाना, १९१८ चं उस्मानिया विद्यापीठ ही सगळी कामं त्याच्याच काळातली. १९१४ मध्ये संस्थानचं पुरातत्त्व खातं निघालं आणि गुलाम यझदानी यांच्याकडं त्याचा कारभार आला. अजिंठ्याच्या भिंतीवरची चित्रं गळून पडत होती. ती वाचवायला १९२० च्या सुमारास इटलीहून कारागीर आणले. त्यांनी चित्रं भिंतीला धरून ठेवली. मात्र त्यांनी लावलेलं वॉर्निश पुढं पिवळं पडलं आणि मूळ रंग झाकोळले, हेही खरं.

१९३१ ची चित्रांची मालिका

टपाल तिकिटावर चित्र म्हणजे राजाचा मुखडा नाहीतर राजचिन्ह, अशी तेव्हाची रीत. इंग्रज सरकारच्या तिकिटांवर बादशहाचं डोकं असायचंच. आपल्या महाराष्ट्रातल्या भोर संस्थाननं १९०१ मध्ये काढलेल्या तिकिटावरही पंत सचिवांचं चित्र होतं. फेब्रुवारी १९३१ मध्ये नवी दिल्लीच्या उद्‌घाटनाला इंग्रज सरकारनं इमारतींची चित्रं असलेली तिकिटं काढली, त्यावरही कोपऱ्यात बादशहा होताच.

त्याच वर्षी नोव्हेंबरात हैदराबादनं आपली मालिका आणली. चार पै आणि आठ पैच्या तिकिटांवर नुसती नक्षी. एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर हायकोर्ट, चार आण्यांवर उस्मान सागर, आठ आण्यांवर अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार, बारा आण्यांवर बिदरचा मदरसा आणि एक रुपयावर दौलताबादचा विजयमिनार. सहा चित्रांपैकी दोन आपल्या मराठवाड्यातली. त्यातलं अजिंठा तर आपल्या भोकरदनपासून जवळच.

जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून ज्याचं चित्र १९३७ मध्ये अमेरिकेच्या टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर आलं, त्यानं आपल्या टपाल तिकिटावर स्वतःचा चेहरा कधी छापला नाही. १९३७ मध्ये त्याच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव झाला. त्या वेळच्या चार तिकिटांवरही दोन दवाखाने, विद्यापीठ आणि जुबिली हॉल. माणूस राहणीनं साधा, कंजूष म्हणावा इतका. जुनी टोपी, साधे कपडे, आणि टेबलावर कागद उडू नये म्हणून ठेवलेला जेकब हिरा. या गोष्टी हैदराबादेत अजून सांगतात.

छटा कशानं पडतात?

या मालिकेचे ठसे लंडनच्या डी ला रू कंपनीनं केले आणि तिकिटं छापली हैदराबादेत. हीच मालिका १९४७ पर्यंत पुन्हा पुन्हा छापली गेली. मधे दुसरं महायुद्ध आलं. कागद आणि शाई जसे मिळतील तसे वापरावे लागले. त्यामुळं अजिंठ्याचं आठ आण्याचं तिकीट सुरुवातीला नारिंगी आहे आणि १९४४ च्या सुमाराचं पिवळसर नारिंगी. चित्र तेच, किंमत तीच. पण संग्राहकाच्या वहीत ती दोन वेगळी तिकिटं.

आणखी काही फरक पाहायचे असतात. तिकिटाच्या कडेचे दात किती बारीक आहेत, कागद उजेडात धरल्यावर आत जलचिन्ह दिसतं का, वर उर्दूत सरकारी असा छाप मारलाय का. सरकारी छाप असेल तर ते कचेरीच्या टपालाचं. या मालिकेत दात न पाडलेली, म्हणजे सरळ कडेची तिकिटंही आढळतात. मात्र घरी कुणी कात्रीनं दात कापले असतील तर त्याला काही किंमत नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. प्रत्येक वेगळा रंग म्हणजे छपाईची छटा नव्हे. उन्हात पडलेलं तिकीट फिकं होतं. दमट पेटीत राहिलेलं तिकीट काळवंडतं. म्हणून छटा बघायची ती दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नव्हे, आणि दोन तिकिटं शेजारी ठेवून. एकटं तिकीट हातात घेऊन रंग ठरवला की फसगत ठरलेली.

हाली आणि कलदार

जुन्या जाणत्यांना हाली आणि कलदार हे शब्द आठवत असतील. संस्थानचा रुपया हाली, इंग्रजांचा कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. निजामाची तिकिटं हालीच्या हिशेबातली आणि फक्त संस्थानाच्या हद्दीत चालणारी. अंबडहून परतूरला पत्र धाडायचं तर निजामाचं तिकीट चाले. पण जालन्याहून देऊळगाव राजाला, म्हणजे वऱ्हाडात पत्र धाडायचं तर इंग्रजांचं तिकीट लागायचं. पाहुणे तेच, बोली तीच, पण सरकार दुसरं.

वऱ्हाड हे निजामाचं जन्माचं दुखणं होतं. तो मुलूख १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता आणि १९०२ मध्ये त्याच्या वडिलांनी तो कायमच्या भाडेपट्ट्यानं दिला. उस्मान अलीनं तो परत मागितला. पहिल्या महायुद्धात त्यानं इंग्रजांना भरपूर पैसा पुरवला होता, त्याबद्दल १९१८ मध्ये मोठी पदवीही मिळाली होती. पण १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगनं त्याची मागणी साफ फेटाळली. १९३६ मध्ये शेवटी मिळालं ते वऱ्हाडचा राजपुत्र हे मुलासाठीचं नाव. मुलूख गेला तो गेलाच.

तिकिटावर मराठी, सभेला बंदी

आता चार भाषांचं पाहू. तिकिटावर मराठीला जागा होती. शाळेत, कचेरीत, कोर्टात काय होतं? कारभार उर्दूत. उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूत. मराठी पोरांना आधी उर्दू शिकावी लागे, मग बाकीचं. सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ नावाच्या हुकुमान्वये आधी परवानगी काढावी लागायची. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती नीट उभी राहायच्या आतच बंदी आली. सत्याग्रह झाले, वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून आणि कॉलेजांतून काढलं गेलं. स्वामी रामानंद तीर्थांसारखी माणसं पुन्हा पुन्हा तुरुंगात गेली.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण निजामाला स्वतंत्र राहायचं होतं. नोव्हेंबरात जैसे थे करार झाला. इकडं कासीम रझवीच्या रझाकारांनी खेडोपाडी धुमाकूळ घातला. निजामानं त्यांना आवरलं नाही. लूट, जाळपोळ, खून. मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं हद्द ओलांडून वऱ्हाडात आणि नगरकडं गेली. तिकिटांवर मात्र त्या काळातही वरंगळची कमान आणि गोवळकोंड्याचा किल्लाच होता. तिकीट बघून कुणाला वाटावं की संस्थानात सगळं आलबेल आहे.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. औरंगाबादकडून आलेल्या फौजेनं १५ सप्टेंबरला गुरखा पलटणीची एक तुकडी जालन्याचा ताबा घ्यायला ठेवली आणि बाकीची फौज पुढं लातूरकडं गेली. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली.

त्यानंतरचं आयुष्य

निजाम गेला, पण त्याची तिकिटं लगेच गेली नाहीत. १९५० मध्ये संस्थानचं टपाल भारतीय टपाल खात्यात मिळेपर्यंत तीच चालू राहिली. म्हणजे एकच तिकीट ऑगस्ट १९४८ च्या पाकिटावर गुलामीतलं आणि ऑक्टोबर १९४८ च्या पाकिटावर स्वातंत्र्यातलं. फरक सांगतो तो फक्त शिक्का. म्हणून हे तिकीट पाकिटावरून सोडवू नका. पाकीट, शिक्का, पत्ता सगळं एकत्र असेल तरच ते कागद बोलतं. संस्थानच्या कागदांवर फसली सन असतो. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो.

उस्मान अली २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबादचा राजप्रमुख राहिला. राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याचं ते पदही संपलं. १९६५ च्या युद्धावेळी त्यानं पाच टन सोनं देशाला दान दिलं, असा मेसेज दरवर्षी मोबाइलवर फिरतो. ते दान नव्हतं. त्यानं ४२५ किलो सोनं सरकारच्या सुवर्ण रोख्यांत व्याजानं गुंतवलं होतं. २४ फेब्रुवारी १९६७ ला तो हैदराबादेत वारला. अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले होते.

धरणं, दवाखाने, अजिंठ्याची निगा ही त्याची कामं नाकारता येत नाहीत. रझाकारांच्या आगीत जळलेली घरंही नाकारता येत नाहीत. एकाला पुढं करून दुसरं झाकायचं काम त्याच्या सरकारनं तिकिटांवर केलं. आपण दोन्ही शेजारी ठेवून बघावं. मुक्तिसंग्रामातल्या घरांतून आजोबांची तुरुंगातली पत्रं, वॉरंटाच्या नकला, सत्याग्रहाची पत्रकं निघतात. ती आणि निजामाची तिकिटं एकाच फायलीत ठेवायला हरकत नाही.

घरी अशी जुनी पाकिटं असतील तर पाण्यात भिजवू नका, इस्त्री फिरवू नका, सेलोटेप तर अजिबात लावू नका. कोरड्या कागदी पाकिटात, उन्हापासून लांब ठेवा. भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पत्ता वाचून दाखवा. पत्र कुणाचं, कुणाला, कोणत्या गावाहून, हे त्यांच्याकडून ऐकून मागं पेन्सिलीनं लिहून ठेवा. तिकिटाची छटा नंतरही तपासता येईल. ती माणसं तेवढी थांबणार नाहीत.