मुलांचे मन वाचणारे गुरुजी

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयातील मुले शाळेतून परतत, तेव्हा सकाळच्या घाईत तशीच टाकून गेलेली अंथरुणे घड्या घालून ठेवलेली असत. खोल्या झाडलेल्या असत, कंदिलाच्या काचा लख्ख पुसलेल्या असत आणि कुणाचे मळके कपडे धुऊन दोरीवर वाळत असत. ही सारी कामे करणारा माणूस छात्रालयाचा नोकर नव्हता. ते होते छात्रालयाचे प्रमुख, जेमतेम पंचविशीतले शिक्षक पांडुरंग सदाशिव साने. त्यांनी मुलांना शिक्षा केली नाही की उपदेशाचे डोस पाजले नाहीत. मुले वरमली आणि हळूहळू आपली कामे आपण करू लागली. अवघा महाराष्ट्र पुढे ज्यांना साने गुरुजी म्हणून ओळखू लागला, त्यांच्या शिक्षकी जीवनाचा आरंभ हा असा झाला.

मुलांचे मानसिक आरोग्य, समुपदेशन, भावनिक आधार हे शब्द आज शाळाशाळांतून ऐकू येतात. १९२४ मध्ये गुरुजी अमळनेरला रुजू झाले, तेव्हा मराठी समाजाला हे शब्द ठाऊक नव्हते. त्या दशकात तिकडे व्हिएन्नामध्ये आल्फ्रेड अ‍ॅडलर हे मानसशास्त्रज्ञ शाळांना जोडून बालमार्गदर्शन केंद्रे चालवीत होते. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य शिक्षणसंस्थेने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले ते १९३७ मध्ये. खानदेशातील एका छात्रालयात मात्र घरापासून दूर आलेल्या, बावरलेल्या, कधी आजारी तर कधी रुसलेल्या मुलांच्या मनाची काळजी त्याआधीच घेतली जात होती. त्यामागे कोणतेही शास्त्र नव्हते. होती ती स्वतःच्या बालपणाची जिवंत आठवण.

पालगड ते पुणे

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, पण वडील सदाशिवराव यांच्या काळात वैभव ओसरले, कर्ज वाढत गेले आणि अखेर घरादारावर जप्ती आली. गावात मान असलेल्या घराची होणारी नाचक्की लहान मुलाला पुरतेपणी समजत नाही. मात्र मोठ्यांच्या चेहऱ्यांवरची छाया त्याला अचूक दिसते. पांडुरंगाने ती पाहिली. अपमान मुकाट्याने गिळणारी आई यशोदा पाहिली. घरातील दारिद्र्य मुलाच्या मनावर कसे उमटते, याचे पहिले धडे त्यांना पुस्तकांतून नव्हे, तर पालगडच्या ओटीवर मिळाले.

इंग्रजी शिक्षणासाठी ते दापोलीला गेले. पुढे खर्च पेलेना, तेव्हा गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून त्यांनी औंध संस्थान गाठले. तेथे हाताने स्वयंपाक करून, प्रसंगी अर्धपोटी राहून त्यांनी दिवस काढले. प्लेगच्या साथीमुळे औंध सोडावे लागले आणि पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात त्यांचे शिक्षण पुढे सुरू झाले. परक्या गावात राहणारा, भुकेला आणि आपली अडचण कुणापुढे उघड करण्यास लाजणारा मुलगा कसा असतो, हे गुरुजींना कुणी सांगण्याची गरज नव्हती. तो मुलगा ते स्वतःच होते.

या काळातील सर्वांत मोठा घाव म्हणजे आईचा मृत्यू. २ नोव्हेंबर १९१७ रोजी यशोदाबाई गेल्या. गुरुजी तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि घरापासून दूर होते. आईचे अखेरचे दर्शन त्यांना घडले नाही. हे शल्य त्यांच्या मनातून कधी गेले नाही. दुसऱ्या वर्षी ते मॅट्रिक झाले. पुढे पुण्यात राहून त्यांनी संस्कृत आणि मराठी हे विषय घेऊन पदवी संपादन केली आणि अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करून ते एम. ए. झाले. तत्त्वज्ञानाचा हा पदवीधर मुलांच्या अंथरुणाच्या घड्या घालण्यात रमला, हे पाहून त्या काळी अनेकांना नवल वाटले असेल. गुरुजींच्या लेखी मात्र या दोन गोष्टींत अंतर नव्हते.

छात्रालयाचे दैनिक

छात्रालयात गुरुजींनी एक हस्तलिखित दैनिक सुरू केले. रात्री मुले झोपली, की ते लिहीत बसत आणि सकाळी दैनिक मुलांच्या वाचनासाठी तयार असे. त्यात थोरामोठ्यांची चरित्रे असत, देशोदेशींच्या वार्ता असत आणि छात्रालयातील लहानसहान घटनाही असत. शंभर मुलांसमोर एखाद्याचे नाव घेऊन त्याची चूक सांगितली, तर तो कायमचा मिटून जातो. तीच गोष्ट गोष्टीच्या रूपाने, नाव न घेता लिहिली, तर ज्याची त्याला उमजते आणि त्याचा मानही राखला जातो. मुलांशी बोलण्याची ही रीत त्यांना साधली होती. १९२८ मध्ये त्यांनी विद्यार्थी हे मासिक काढले आणि छात्रालयाच्या भिंतींआडचा हा संवाद महाराष्ट्रातील मुलांपर्यंत नेला.

आजारी मुलाच्या उशाशी रात्र रात्र बसणे, फी थकलेल्या मुलाची फी आपल्या पगारातून गुपचूप भरणे, पहाटे गाणी म्हणत मुलांना उठविणे, अशा कितीतरी आठवणी त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे जपल्या. त्या आठवणींत एक धागा समान आहे. मुलाने काही सांगण्यापूर्वीच त्याच्या मनातले गुरुजींना कळत असे. जेवणाच्या पंगतीत एखाद्याने ताट अर्धवट टाकले, खेळाच्या वेळी कुणी बाजूला बसला, घरून आलेले पत्र वाचून कुणाचा चेहरा उतरला, की ते त्यांच्या नजरेतून सुटत नसे. आजचा समुपदेशक शिक्षकांना प्रशिक्षण देताना याच खुणा सांगतो. वागण्यात एकाएकी पडलेला फरक हीच मुलाची हाक असते. कारण आपल्याला काय होते आहे, ते सांगण्याइतके शब्द मुलाजवळ अनेकदा नसतात.

गुरुजींनी मुलांना आणखी एक मोठी गोष्ट दिली. ती म्हणजे रडण्याची मुभा. मुलग्यांनी रडू नये, ही शिकवण घराघरात दिली जात असताना हा शिक्षक मुलांसमोर मोकळेपणाने डोळे पुसत असे. त्यावरून त्यांची चेष्टाही पुष्कळ झाली. त्यांचे लेखन रडवे आहे, भावविवशता वाढविणारे आहे, अशी टीका समीक्षकांनी वारंवार केली. साहित्याच्या निकषांवर त्या टीकेत तथ्य असेलही. पण दाबून टाकलेले दुःख नाहीसे होत नाही, ते रागाच्या, हट्टाच्या वा अबोल्याच्या वाटेने बाहेर पडते, हे आज मानसशास्त्र सांगते. दुःखाला नाव देता येणे ही सावरण्याची पहिली पायरी होय. गुरुजींनी मराठी मुलांना ती पायरी दाखविली.

तुरुंगात उमललेली आई

१९३० मध्ये सविनय कायदेभंगाची हाक आली आणि गुरुजींनी शाळेचा राजीनामा दिला. छात्रालयातील सहा वर्षे संपली. त्यानंतर सुरू झाले तुरुंगवासाचे पर्व. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली, ती गुरुजींनी टिपून घेतली म्हणूनच ती आज उपलब्ध आहेत. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील बंदिवानांचा सहवास लाभला आणि आंतरभारतीच्या स्वप्नाचे बीज तेथे रुजले.

फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी श्यामची आई लिहून काढली. १९३५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या १९५३ च्या चित्रपटाला उत्कृष्ट चित्रपटासाठीचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. हे पुस्तक आईचे स्तोत्र म्हणून वाचले जाते. नीट पाहिले, तर ती एका मुलाच्या भीतीची, लाजेची, हट्टाची आणि अपराधी भावनेचीही कहाणी आहे. पोहण्याला भिणारा श्याम माळ्यावर लपतो आणि आई त्याला मारते, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. मुलाला मारणे आज कोणताही तज्ज्ञ योग्य मानणार नाही. मात्र त्याच प्रसंगात आई नंतर त्याला जवळ घेते आणि आपण का रागावलो ते समजावते. रागावलेले मोठे माणूस पुन्हा मुलाकडे परतते, तुटलेला धागा जोडते, हा त्यातील मोलाचा भाग होय. आईच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, तुरुंगाच्या कोठडीत गुरुजींनी आपल्या जुन्या जखमेला शब्द दिले. लेखन हेच त्यांचे औषध होते.

पुढील काळातही त्यांनी मुलांशी असलेला धागा सोडला नाही. पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रे सुंदर पत्रे या नावाने प्रसिद्ध आहेत. पाखरे, फुले, पाऊस, पुस्तके, जगातील घडामोडी अशा कितीतरी विषयांवर एक वयस्क माणूस एका मुलीशी बरोबरीच्या नात्याने बोलतो, हे त्या काळात दुर्मीळ होते. राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांतील मुलामुलींनाही त्यांच्याभोवती असाच ओलावा लाभला.

ऐकणाऱ्याचे कोण ऐकणार?

मात्र ही कहाणी येथेच थांबविली, तर ती अर्धी राहील. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले आणि ते फळाला आले. त्यानंतर काही महिन्यांतच स्वातंत्र्य आले, पण त्यासोबत फाळणीचा रक्तपातही आला. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. महाराष्ट्रात उसळलेल्या द्वेषाने आणि जाळपोळीने गुरुजी आतून हादरले. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी पुन्हा उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी साधना साप्ताहिक सुरू केले. लिहीत राहिले, फिरत राहिले. वरवर पाहता काम थांबले नव्हते. आत मात्र उदासी दाटत होती. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, मुंबईत त्यांनी आपले जीवन संपविले.

या मृत्यूविषयी महाराष्ट्र दीर्घकाळ दबक्या आवाजात बोलत आला. कुणी त्याला देशाच्या दुरवस्थेने आलेले वैफल्य म्हटले, कुणी आत्मार्पण म्हणून त्याचा गौरव केला. एखाद्याच्या आयुष्याचा शेवट एकाच कारणाने होत नसतो आणि त्याला उदात्ततेची झालर लावणेही योग्य नाही. सांगण्याजोगी गोष्ट साधी आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांतील पाणी दुरून ओळखणाऱ्या या माणसाच्या मनात काय चालले आहे, ते ओळखणारी व्यवस्था त्या काळच्या समाजाजवळ नव्हती. मनाच्या आजारासाठी वैद्याकडे जाणे म्हणजे वेडाचा शिक्का बसणे, असा तो काळ होता. आत्महत्येचा प्रयत्न कायद्याने गुन्हा होता. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार मिळावेत, ही भूमिका भारतीय कायद्यात यायला २०१७ साल उजाडावे लागले.

आज चित्र बदलले आहे. पण पुरेसे नाही. २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने केली आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. परीक्षा, घरातील ताण, एकटेपणा अशी कारणे त्यामागे सांगितली जातात. त्या प्रत्येक मुलाभोवती कुटुंब होते, शाळा होती, शेजार होता. उणीव होती ती वेळेवर थांबून विचारणाऱ्या माणसाची. पैसे न मोजता बोलता येईल अशा दूरध्वनी सेवा आता उपलब्ध आहेत. २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, तर संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पण मुलाचे बोट त्या क्रमांकापर्यंत पोहोचावे, यासाठीही जवळ कुणी असावे लागते.

कोकणात परतलेली गोष्ट

गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकर यांच्या पुढाकाराने साने गुरुजी कथामाला उभी राहिली. मुलांना जमवून गोष्ट सांगायची, एवढाच साधा तिचा कार्यक्रम. तिच्या शाखा महाराष्ट्रभर पसरल्या आणि गुरुजींच्या कोकणातही रुजल्या. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणच्या किनाऱ्यावर कथामालेचे काम चालत आले आहे. मासेमारी आणि शेतीवर जगणाऱ्या या पट्ट्यात पुष्कळ घरांतील कर्ता माणूस नोकरीनिमित्त मुंबईत असतो आणि मुले गावी आजी-आजोबांजवळ वाढतात. नांदगावसारख्या गावातील मुलाला मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा, तर गाव सोडून शहराची वाट धरावी लागते. गोष्ट सांगणारे माणूस मात्र गावातच मिळू शकते. गोष्ट हा उपचार नव्हे आणि तिने तज्ज्ञाची जागा घेऊ नये, हे खरेच. तरीही मनातले बोलायला कुठून सुरुवात करावी, हे ज्या मुलाला उमगत नाही, त्याला श्यामच्या निमित्ताने स्वतःविषयी बोलता येते.

शंभर वर्षांपूर्वी अमळनेरच्या छात्रालयात एका तरुण शिक्षकाने जे केले, त्यासाठी पदविका लागत नव्हती. लागत होती ती मुलाकडे निवांतपणे पाहण्याची सवय. ती प्रत्येक घरात आणि प्रत्येक वर्गात जडावी, हे गुरुजींचे खरे स्मरण होय. आणि मुलांचे ऐकत ऐकत जी माणसे थकतात, ते शिक्षक, त्या आया, ते वडील, त्यांनाही अधूनमधून कुणीतरी थांबवून, कसे आहात, असे विचारावे. गुरुजींच्या आयुष्याचा पूर्वार्ध पहिली गोष्ट शिकवितो आणि त्यांचा अखेरचा काळ दुसरी.