अर्ध्या चेहऱ्यावर कांदा

भाजलेल्या जागेवर काय लावावे, याचे उत्तर घरोघरी ठरलेले असते. ते उत्तर खरे की केवळ ऐकीव, हे पडताळून पाहण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेते. सोळाव्या शतकात आंब्रवाझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्याने ती घेतली आणि जखमांच्या उपचारांना नवे वळण दिले.

पारे यांचा जन्म १५१० च्या सुमारास फ्रान्समधील लाव्हाल गावाजवळ झाला. त्या काळी विद्यापीठातून शिकलेले वैद्य लॅटिन ग्रंथांत रमत. जखमा धुणे, गळवे फोडणे, हाडे बसवणे ही कामे न्हाव्यांकडे असत. पारे याच वर्गातले. लॅटिन त्यांना येत नव्हते. पॅरिसच्या ओतेल-द्यू या मोठ्या रुग्णालयात सुमारे तीन वर्षे रुग्णसेवा करून त्यांनी आपली विद्या मिळवली.

पहिला फ्रान्सिस या राजाच्या इटलीतील मोहिमेत, १५३७ च्या सुमारास, ते सेनानी मोंतेजाँ यांच्यासोबत तुरिनच्या परिसरात होते. युद्धाचा त्यांना अनुभव नव्हता. बंदुकीच्या दारूमुळे जखम विषारी होते, म्हणून तीत एल्डर या झाडाचे उकळते तेल ओतावे, असे जोव्हान्नी दा व्हिगो या नामवंत शस्त्रवैद्याच्या ग्रंथात सांगितले होते. पारे यांनीही तेच केले. पण जखमी इतके होते की, तेल संपले. नाइलाजाने उरलेल्या सैनिकांच्या जखमांवर त्यांनी अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल व टर्पेंटाइन यांचा लेप लावला. न जाळलेल्या जखमांच्या विषाने हे लोक सकाळपर्यंत दगावतील, या भीतीने त्यांना रात्रभर झोप लागली नाही. पहाटे उठून पाहतात तो लेप लावलेल्यांना वेदना कमी होत्या आणि रात्री त्यांना बऱ्यापैकी विश्रांतीही मिळाली होती. तेल ओतलेले सैनिक मात्र ताप, सूज आणि वेदनांनी तळमळत होते. यापुढे कोणत्याही जखमीला असे भाजायचे नाही, असा निश्चय त्यांनी केला.

हा योगायोग होता. पुढची परीक्षा मात्र त्यांनी जाणूनबुजून घेतली. मोंतेजाँ यांच्या स्वयंपाकघरातील एक पोऱ्या उकळत्या तेलात पडून भाजला. औषध आणायला पारे औषधविक्याकडे गेले असता, तेथे आलेल्या एका खेडवळ म्हातारीने कच्चा कांदा मिठासह ठेचून लावण्याचा सल्ला दिला. तो त्यांनी हसण्यावारी नेला नाही. कांदा लावलेल्या जागी फोड आले नाहीत, उरलेल्या जागी आले. एवढ्यावरही त्यांचे समाधान झाले नाही. काही काळाने दारूचा भडका उडून एका जर्मन शिपायाचा चेहरा होरपळला, तेव्हा त्यांनी अर्ध्या चेहऱ्यावर कांदा आणि अर्ध्यावर नेहमीचे औषध लावले. कांद्याची बाजू फोडांवाचून राहिली, दुसरी फोडांनी भरली. माणूस तोच, जाळ तोच आणि वेळही तीच. फरक फक्त औषधाचा. तुलनेचे हे तत्त्व त्या काळी कोणत्याही विद्यापीठात शिकवले जात नव्हते.

तरीही पारे आपल्या काळाचेच अपत्य होते. तुरिनमधील एका शस्त्रवैद्याकडून गोळीच्या जखमांवरील गुप्त तेलाची कृती मिळवण्यासाठी त्यांनी दोन वर्षे त्याची मनधरणी केली. लिलीच्या तेलात कुत्र्याची नवजात पिल्ले उकळून आणि त्यात गांडुळे व टर्पेंटाइन घालून ते बनत असे. कांद्याला लावलेली कसोटी मोठ्या कष्टाने मिळवलेल्या या तेलाला मात्र त्यांनी लावली नाही.

जखमांवरील त्यांचे पुस्तक १५४५ मध्ये निघाले, तेही लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये. त्यामुळे साध्या शस्त्रवैद्यांनाही ते वाचता आले. १५५२ मध्ये दाँव्हिलेरच्या वेढ्यात, पाय कापल्यावर तप्त लोखंडाने डागण्याऐवजी त्यांनी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. दुसरा हेन्री, दुसरा फ्रान्सिस, नववा चार्ल्स आणि तिसरा हेन्री अशा चार राजांची त्यांनी सेवा केली. १५७५ मध्ये त्यांचे समग्र लेखन प्रसिद्ध झाले, तेव्हा पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने त्याला कडाडून विरोध केला. त्याने ते खचले नाहीत. १५८२ मध्ये त्यांनी जखमांवर दिल्या जाणाऱ्या ममीच्या चूर्णाचा फोलपणा ग्रंथरूपाने मांडला. २० डिसेंबर १५९० रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

एक पोऱ्या आणि एक शिपाई एवढ्या पुराव्यावर आज कोणतेही औषध मान्य होणार नाही. कोणत्या बाजूला काय लावले, हे पारे यांना ठाऊक होते. त्यामुळे नजर फसण्याचीही शक्यता होती. भाजलेल्या जागी कांदा किंवा अन्य घरगुती पदार्थ लावू नये, ती बराच वेळ वाहत्या थंड पाण्याखाली धरावी, असेच आजचे डॉक्टर सांगतात. मात्र त्वचेवरील औषधांच्या काही चाचण्यांत आजही एकाच रुग्णाच्या दोन बाजूंची तुलना केली जाते. वनस्पतींच्या अर्काने जखम भरते, असा दावा आला की, उपचाराविना राहिलेल्या जखमेचे काय झाले, हा प्रश्न आधी विचारला जातो. म्हातारीचा सल्ला आणि थोरांचा ग्रंथ या दोहोंनाही पारे यांनी रुग्णाच्या अंगावर दिसणाऱ्या परिणामाचीच कसोटी लावली होती.